हवेच्या मशीनच्या दोन नळ्या

आमच्या गावाला यायचं तर कोल्हारवरून आत वळावं लागतं. त्या वैशाखात त्या वळणावर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकून रस्ता बंद केला होता, आणि फांद्यांच्या अलीकडे गावची चार पोरं काठ्या घेऊन बसलेली असायची. कुठून आलात, कोणाकडे चाललात, ताप आहे का, हे सगळं विचारल्याशिवाय ते कोणाला आत सोडत नव्हते. ज्याला आत यायचं त्याने आधी चौदा दिवस शाळेत राहायचं. माझ्या सख्ख्या मामाला त्यांनी तिथूनच परत पाठवलं होतं. करोनाची दुसरी लाट होती ती. पहिल्या वर्षी आम्ही टाळ्या वाजवल्या, दिवे लावले. दुसऱ्या वर्षी कोणी कोणाच्या दारातही उभं राहत नव्हतं.

मी एकोणीस वर्षांची होते. संगमनेरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, पण कॉलेज बंद असल्यामुळे जे काही शिकले होते ते मोबाईलवर. रबराच्या हातालाही मी तोवर सुई टोचलेली नव्हती. तरी गावाच्या लेखी मी 'नर्सबाई' झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जेव्हा आजारी माणसांसाठी खाटा टाकल्या, तेव्हा गावच्या आशाताई सरळ आमच्या वस्तीत आल्या, ओट्याखालीच उभ्या राहिल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी द्या माझ्याबरोबर. एकटीच्यानं होत न्हाई मला."

आमची वस्ती म्हणजे गावाच्या पूर्वेची बौद्धवस्ती, वीसेक घरं. आई दोन गाई सांभाळायची, वडील साखर कारखान्यात होते. आई म्हणाली, "जा. पण रोज दारातून मला दिसत जा." म्हणून मी रोज सकाळी शाळेतून निघून आमच्या घरासमोर जायची, रस्त्यावरूनच हात हलवायची आणि परत फिरायची.

सातवीच्या वर्गात चौदा खाटा होत्या. भिंतीवर तीसपर्यंतचे पाढे रंगवलेले, फळ्यावर कोणीतरी शेवटच्या दिवशी लिहिलेला सुविचार तसाच राहिलेला. रोज सकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर मोटारसायकलवर यायचे, सगळ्यांना बघायचे, गोळ्या लिहून द्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. बाकीचे तेवीस तास आशाताई आणि मी.

आमच्याकडे एकच मोठी गोष्ट होती. पुण्यात कामाला असलेल्या गावच्या पोरांनी वर्गणी काढून ऑक्सिजनचं एक मशीन पाठवलं होतं. आजूबाजूची हवा आत घ्यायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून नाकाला द्यायचा. विजेवर चालणारं, खाली चाकं असलेलं, छोट्या फ्रीजएवढं. सगळे त्याला हवेचं मशीन म्हणायचे. दिवसभर ते घुर्र, फुस्स, घुर्र, फुस्स असं चाललेलं असायचं, आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की झोपेतही तो आवाज बदलला तर मी उठून बसायची.

मशीन एक आणि गरज दोघांना.

एक होते आमचे सर. याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मला पाचवी ते सातवी गणित त्यांनीच शिकवलं. दहावीनंतर वडील मला घरी बसवायला निघाले होते, तेव्हा सर आमच्या घरी येऊन तास-दीड तास बसले होते. वडिलांशी वाद घातला, चहा प्याले, पुन्हा वाद घातला, आणि अकरावी सायन्सचा फॉर्म माझ्याकडून तिथेच भरून घेऊन गेले. आता ते फळ्याखालच्या खाटेवर होते, आणि बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबत होते.

दुसरी होती ऊसतोडीची एक बाई. पाथर्डीकडची, तिशीच्या आतबाहेरची. कारखान्याचा हंगाम संपला, तिची टोळी गावी परत गेली, पण निघायच्या आदल्या दिवशी हिला ताप भरला. टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये तिला कोणी घेतलं नाही. नवरा मागे राहिला. शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली त्याने एक पाल टाकलं होतं. दिवसभर तो तिथे बसून असायचा, आणि मी बाहेर आले की उठून उभा राहायचा. विचारायचं धाडस नव्हतं त्याचं. मीच सांगायची, "आज बरी आहे. चहा घेतला." मग तो खाली बसायचा.

एका मशीनमधून दोघांना हवा द्यायची युक्ती माझ्या चुलतभावाची. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला, आणि जग बुडाल्यानंतरचे पिक्चर मोबाईलवर बघायचं त्याला वेड. "असल्या पिक्चरमध्ये कोण जगतो माहितीये का?" तो मला सांगायचा. "ज्याच्याकडे बंदूक, तो. बाकीचे एकमेकांना खातात." त्याने शेतातल्या ठिबकची एक प्लास्टिकची टी आणली, उकळत्या पाण्यात धुतली आणि मशीनच्या तोंडाला लावून दोन नळ्या काढल्या. डॉक्टरांनी सकाळी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "नियमात बसत नाही. पण दुसरं आहे काय आपल्याकडे? राहू द्या." बोटाला लावायच्या यंत्रावर सर नव्वदच्या आसपास राहत होते, बाई अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद. त्या दिवसांत कुठल्याच मोठ्या दवाखान्यात खाट मिळत नव्हती. आम्ही रोज फोन लावायचो, रोज तेच उत्तर.

वादळ झालं त्या दिवशी दुपारचे दोन वाजले होते. पश्चिमेकडून आभाळ मातकट झालं आणि मग एकदम वारा सुटला. शाळेच्या पत्र्यांचा आवाज इतका झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पाऊस आला तो डबकी साचण्यापुरता, पण वारा मात्र वीस-पंचवीस मिनिटं असा की बाहेर काहीतरी मोडल्याचे, पडल्याचे आवाज येत राहिले. आणि त्यात मला तो आवाज आला. म्हणजे यायचा थांबला. घुर्र झालं, आणि फुस्स झालंच नाही. मशीनने एकदा लांब शिट्टी मारली आणि गप्प झालं.

वीज गेली होती. वीज रोजच जायची, तासाभरात यायचीही. पण वारा थांबल्यावर चुलतभाऊ धावत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खिडकीबाहेर उभा राहून तो म्हणाला, "कोल्हारच्या रस्त्यावर खांब आडवे झालेत. मी सात मोजले, पुढं गेलोच नाही. लिंबाची दोन मोठी झाडं पण रस्त्यात. लाईट आज येत नाही, उद्याही सांगता येत नाही."

"ॲम्ब्युलन्स?"

"कशावरून येणार? उडत?"

ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरसाठी एक इन्व्हर्टर होता. ग्रामसेवक तालुक्याला अडकलेले, किल्ली कोणाकडे ते माहीत नाही. चुलतभावाने कुलूप तोडलं, बॅटरी आणि इन्व्हर्टर हातगाडीवर घातले आणि आणले. मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं. मी सरांच्या बोटाला यंत्र लावलं. त्र्याऐंशी. बाईला लावलं. एक्याऐंशी. हळूहळू दोघंही वर आले.

"किती वेळ चालेल हे?" मी विचारलं.

"जुनी बॅटरी आहे. तास. फार तर सव्वा तास." तो निघताना म्हणाला, "डेअरीत जनरेटर आहे. बघतो."

दूध संकलन केंद्राला आम्ही डेअरी म्हणतो. गावचं दोन वेळचं दूध तिथल्या मोठ्या टाकीत थंड करून ठेवतात आणि सकाळी टँकर येऊन घेऊन जातो. टाकी थंड राहावी म्हणून तिथे डिझेलचा जनरेटर, सिमेंटच्या ओट्यात बोल्टांनी आवळलेला. तो हलणार नव्हता. मग मशीन आणि दोघं पेशंटच तिकडे न्यायचे का, असं चुलतभावाने डेअरीच्या सचिवांना विचारलं. त्यांनी हात जोडले. हे सगळं मला त्याने नंतर सांगितलं. सचिव म्हणाले, "बाबा, करोनाचा माणूस डेअरीत आला हे टँकरवाल्याला कळलं तर उद्यापास्नं तो गाडीच आणनार न्हाई. अख्ख्या गावाचं दूध गटारात. आमचं घर चालतं त्याच्यावर, तुझ्या चुलतीच्या दोन गाई पन त्याच्यावरच हायेत."

ते काही खोटं बोलत नव्हते. मग चुलतभावाने विचारलं, "आणि माणसं तिथेच राहिली, फक्त करंट तिकडे नेला तर?"

सचिवांनी जनरेटरकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "करंट न्ह्यायला माझी ना न्हाई. पन डिझेल दोन तासाचं हाय. आन शाळा काय इथं हाय का?"

डेअरीपासून शाळा चारशे मीटरवर. घरात वापरतात ती वायर कुठून आणणार एवढी? पण आमच्या भागात प्रत्येक विहिरीवर पाण्यातल्या मोटारीची जाड केबल असते. चुलतभाऊ मोटारसायकल काढून जवळच्या मळ्यांत फिरला. पहिल्याच शेतकऱ्याने विचारलं, "केबल कापून दिली तर उद्या ऊस काय तुझ्या तोंडाकडं बघून वाढंल?" त्याची बायको गोठ्यातून ओरडली, "लाईटच न्हाई तर ती केबल काय पुजायला ठिवायची? दे सोडून!" तिने दिली, मग पुढच्याने दिली, मग त्याच्या पुढच्याने. डिझेलचंही तसंच. डेअरीसमोर एकेक ट्रॅक्टर येऊन उभा राहायला लागला. टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायची, कॅनमध्ये सोडायची. तोंडाला मास्क लावून डिझेल ओढता येत नाही, म्हणून ज्याचा ट्रॅक्टर त्यानेच ओढायचं असं ठरलं. महिनाभर एकमेकांच्या सावलीलाही न फिरकलेली माणसं सहा-सहा फुटांवर का होईना, एका जागी आली.

हे मी पाहिलं नाही. मी वर्गात होते आणि इन्व्हर्टरच्या डब्यावरचा दिवा हिरव्याचा पिवळा झालेला बघत होते.

चार वाजायच्या सुमाराला इन्व्हर्टर ट्यँ ट्यँ करायला लागला. चुलतभाऊ घामाने भिजून आला. "चार जणांची केबल जोडली. डेअरीकडून चिंचेच्या अलीकडच्या वळणापर्यंत आलीये. अजून शंभर-सव्वाशे मीटर पाहिजे. जवळच्या विहिरी संपल्या. आता लांबच्या मळ्यात जाऊन विहिरीतनं मोटार वर काढायची म्हणजे दोन तास."

"तेवढा वेळ नाहीये."

"माहितीये. सरांच्या मुलाकडे नवीन बंडल आहे. बोअरसाठी आणलेलं, अजून पोत्यातच आहे. निरोप धाडलाय."

इन्व्हर्टर बंद पडला. आमच्याकडे ऑक्सिजनचं एक छोटं सिलिंडर होतं, अगदीच वेळ आली तर म्हणून ठेवलेलं. काटा लाल पट्टीच्या कडेला. मास्क एकच. मी आणि आशाताईंनी पाळी लावली. दहा मिनिटं सरांना, दहा मिनिटं बाईला. ज्याची पाळी नसेल त्याने हळू श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. बाईला मी पालथं झोपवलं, तसं झोपलं की फुप्फुसाला जरा जागा मिळते. सरांना पोटामुळे पालथं झोपता येईना, ते उशांना टेकून बसले. घड्याळ आशाताईंच्या हातात. दहा मिनिटं झाली की त्या "हं" म्हणायच्या, आणि मी एकाच्या तोंडावरचा मास्क काढायची. मास्क काढताना त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, हे मी पहिल्याच पाळीला शिकले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "ए पोरी! बाहेर ये."

सरांचा मुलगा होता. चाळिशीतला, उंच, स्वतः शेती बघणारा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर केबलचं बंडल बांधलेलं. आत यायची कोणालाच परवानगी नव्हती, म्हणून तो व्हरांड्याच्या पायरीशी उभा होता. मी दारात आले. चिंचेखाली पडलेल्या फांद्या केबलच्या वाटेतून बाजूला करायचं काम ऊसतोडीच्या बाईचा नवरा करत होता. त्याने कोयता हातात धरूनच आमच्याकडे पाहिलं.

"नाना कसे हायेत?"

"दादा, जास्त वेळ नाही आपल्याकडे. केबल लवकर—"

"केबल आनलीये. देतो." तो थांबला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पन मशीन चालू झालं की हवा पूर्ण आमच्या नानांना. ती दुसरी नळी काढायची."

"डॉक्टरांनीच दोघांना ठेवायला सांगितलंय."

"डॉक्टर हायेत का आत्ता इथं? माझा बाप हाय तो. ह्या शाळंत तीस वर्सं घातली त्यानं. तुला कोनी शिकवलं? ती बाई कोन, कुठली, तिचं ह्या गावाशी काय नातं?"

नवरा दहा-बारा पावलांवर होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. त्याने कोयता खाली ठेवला आणि उकिडवा बसला. माझ्याकडे बघत राहिला.

मी मागे वळून आशाताईंकडे पाहिलं. त्या दाराच्या आतून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला विचारू नको. मला ह्या गावात राहायचंय."

मी आजवर पुष्कळदा तो क्षण आठवून बघितला आहे. मी धूर्तपणे खोटं बोलले असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. मी मनात काहीच ठरवलं नव्हतं. आत घड्याळ चाललं होतं, केबल पाच पावलांवर होती, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "बरं."

"बरं म्हंजे?"

"बरं, दादा. केबल द्या."

त्याने दोरी सोडली. बंडल जड होतं, एकट्याला उचलणं अवघड. चुलतभाऊ पुढे झाला, आणि दुसऱ्या बाजूने ऊसतोडीच्या बाईचा नवरा. त्याने बंडलाचा निम्मा भार खांद्यावर घेतला. आपल्या बायकोची हवा तोडून सरांना देण्यासाठी ही केबल चालली आहे, अशीच त्याची समजूत होती. तरी तो ती वाहून नेत होता. मला त्याला काही सांगता येईना, कारण सरांचा मुलगा पायरीशीच उभा होता.

मी आत आले. वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या. बाहेरचं सगळं बोलणं आत आलं होतं, हे मला आत पाऊल टाकताच कळलं. बाकीच्या खाटांवरची माणसं छताकडे बघत होती. मास्क सरांच्या तोंडावर होता. बाई पालथी होती, मान माझ्याकडे वळलेली. मशीनची बंद पडलेली नळी तिच्या नाकाला अजून तशीच होती आणि तिने ती एका हाताने मुठीत धरली होती. हवा तर येतच नव्हती तिच्यातून. पण तिने ती अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. फक्त धरून होती.

"हं," आशाताई म्हणाल्या. मी सरांचा मास्क काढून तिला लावला.

बाहेर जोडणी चालली होती. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी आणि वरून दुधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी गुंडाळत होते, कारण जमीन ओली होती. बायका हातात काठ्या घेऊन केबल पाण्यातून वर उचलून धरत होत्या. शेवटचं टोक खिडकीतून आत आलं तेव्हा चुलतभावाने मशीन लगेच लावू दिलं नाही. आधी एक बल्ब लावला. डेअरीकडे कोणीतरी ओरडून निरोप दिला, तो निरोप माणसामाणसांतून चारशे मीटर गेला, आणि थोड्या वेळाने बल्ब पेटला. आधी पिवळट, मग नीट. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे त्या बल्बकडे बघत उभे होते.

"लाव," चुलतभाऊ म्हणाला.

घुर्र. फुस्स.

आता टी माझ्या हातात होती. एका नळीला गाठ मारली की काम झालं असतं. मी सरांच्या खाटेजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. "सर, मी दोघांना ठेवते. चालेल ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आधी खाली गेली, मग बाजूला, आणि मग त्यांना खोकला आला. त्यांना हो म्हणायचं होतं की नाही, ते मला त्या वेळी कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारायला मी घाबरले, हेच खरं. मी दोन्ही नळ्या लावल्या.

मग मी मागच्या खिडकीशी गेले. बाईचा नवरा बंडल टाकून तिथे भिंतीशी येऊन बसला होता. सरांचा मुलगा पुढच्या बाजूला होता. मी हलकेच म्हटलं, "दोन्ही नळ्या लावल्यात. कोणाला बोलू नका."

त्याला आधी समजलंच नाही. मी दोन बोटं दाखवली. मग त्याने टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच बसला.

अंधार पडायच्या आत सर एकोणनव्वदवर होते, बाई सत्त्याऐंशीवर. सरांच्या मुलाने पायरीशी उभं राहून विचारलं, "नाना?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "लई उपकार झाले, पोरी." त्या शब्दांनी मला जे झालं ते मला कोणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने कुऱ्हाडी-कोयत्यांनी झाडं तोडून रस्ता मोकळा केला. दहाच्या सुमाराला नगरच्या एका दवाखान्यात एक खाट मिळाल्याचा फोन आला. एकच. डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि सरांना पाठवलं, कारण त्यांचं वय जास्त आणि त्यांना साखरही होती. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना सरांनी माझा हात धरला होता, पण बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी ते गेले. गावात त्यांना आणलंच नाही. तिकडेच सगळं झालं.

बाई वाचली. सरांना नगरला नेल्यावर मशीन तिला एकटीलाच मिळालं, आणि आठ-नऊ दिवसांत ती नळीशिवाय बसायला लागली. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी तिचा नवरा मला म्हणाला, "ताई, ते सर गेले त्ये आमच्यामुळं का?" मी म्हटलं, "नाही." डॉक्टरांनाही मी तेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "एका संध्याकाळने असा फरक पडत नाही. आणि पडला असेल तर तो मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही." दोन्ही वाक्यं मला पाठ आहेत. मी तिच्या नवऱ्याला फक्त पहिल्यातलं सांगितलं.

सरांचा मुलगा मला दिसला की थांबायचा. आईला त्याने दोनदा भाजी पाठवली. "नानांसाठी पोरीनं लई केलं," असं तो चारचौघांत बोलायचा. महिनाभर मी ते ऐकलं. चुलतभाऊ म्हणाला, "गप बस. एक माणूस वाचलं, केबल मिळाली, संपलं. सांगून कोणाचं भलं होणार आहे?" आई मात्र म्हणाली, "तुला झोप येत न्हाई, मला दिसतंय. जाऊन सांग."

मी त्याच्या मळ्यात गेले. तो उसाला पाणी भरत होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी बांधावरच उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात तसं मी केलं नाही. बरं म्हणाले, पण दोन्ही नळ्या ठेवल्या.

तो फावड्यावर हात ठेवून ऐकत होता. पाणी सरीतून पुढे चाललं होतं आणि शेवटाला जाऊन फुटायच्या बेतात होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही.

"नानांना ठाऊक हुतं?"

"हो. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. मी त्यांना विचारलं."

"मग? काय म्हनले?"

इथे मला एक सोपं खोटं बोलता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं, मलाही.

"त्यांनी मान हलवली, दादा. हो म्हणून की नको म्हणून, ते मला नाही कळलं. मी परत विचारलं नाही."

त्याने फावडं उचललं. मग म्हणाला, "तू जा आता."

मी निघाले. बांधाच्या टोकाशी मागे पाहिलं तेव्हा तो खाली वाकून फुटलेली सरी बांधत होता.

त्यानंतर तो माझ्याशी बोलत नाही. मी आता संगमनेरच्या एका दवाखान्यात काम करते, महिन्या-दोन महिन्यांनी गावी येते. समोरासमोर आलो तर तो तोंड फिरवत नाही, माझ्याकडे बघतो, मोटारसायकल जरा सावकाश करतो आणि पुढे जातो. मीही मान खाली घालत नाही. आईला भाजी मात्र त्याच्या घरून अजून येते. ती कोण पाठवतं, तो की त्याची बायको, हे आम्ही कधी विचारलं नाही.